दुर्बीण आणि स्वादुपिंड

शस्त्राला वाट मिळण्यापूर्वी संज्ञेने ती मोकळी करून दिल्याची उदाहरणे शल्यविद्येच्या इतिहासात आढळतात. स्वादुपिंडाच्या विरळ अर्बुदांचा इतिहास हे त्यांपैकी एक होय. या इंद्रियाचे ग्रीक नाव 'सर्व मांस' एवढेच सांगते; आयुर्वेदातील 'क्लोम' म्हणजे हेच काय, याविषयी तर विद्वानांत एकमत नाही. जठरामागे, कण्यासमोर दडलेल्या या पिंडापर्यंत जाण्यास उदर उघडावे लागे, आणि तेथील गाठ म्हणजे बहुधा मृत्यू, असे समीकरण रूढ होते.

ते प्रथम १९२७ साली ढळले. इन्सुलिन स्रवणाऱ्या अर्बुदाची ओळख त्या वर्षी पटली व १९२९ साली टोरोंटो येथे रॉस्को ग्रॅहम यांनी तशी गाठ काढून रोगी बरा केला. १९५९ साली व्हर्जिनिया फ्रान्ट्झ यांनी मुख्यतः तरुण स्त्रियांत होणारी एक निराळी अर्बुदजात वर्णिली. तिला 'सॉलिड स्यूडोपॅपिलरी' हे नाव जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली दिले. ही जात सहसा मंदगती असते. असा भेद कळल्यावाचून लहान छेदाचे धाडस समर्थनीय ठरले नसते.

छेद लहान करणारे साधन मात्र निराळ्याच कामासाठी आले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९७२ साली ते निदानार्थ वापरात आणले आणि १९९० साली त्याच मार्गाने पित्ताशय काढले. भारतातील ती पहिलीच अशी शस्त्रक्रिया. स्वादुपिंडाचे शीर्ष या रीतीने काढल्याचा वृत्तान्त गान्ये व पॉम्प यांनी १९९४ साली प्रसिद्ध केला.

मराठीने या साधनाला 'दुर्बीण' म्हटले. फारसीत तिचा अर्थ 'दूरचे पाहणारी'. येथे ती पोटातच शिरते! नगर–पुणे रस्त्यावरील केडगावात काय किंवा मुंबईत काय, 'दुर्बिणीतून ऑपरेशन' हा प्रयोग सर्वांना कळतो. परंतु तो केवळ प्रवेशाची वाट सांगतो, आत काय कापले हे सांगत नाही. आणि स्वादुपिंडाच्या बाबतीत सारा फरक तेथेच आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन डच चाचण्यांत तो स्पष्ट दिसला. पुच्छभाग दुर्बिणीतून काढलेले रोगी सहाऐवजी चार दिवसांत सावरले. शीर्षाच्या चाचणीत मात्र दुर्बिणीच्या ५० रोग्यांपैकी पाच, तर उघड्या शस्त्रक्रियेच्या ४९ पैकी एक दगावला, आणि ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली.