हेडलॅम्पसाठी कोणता सेल निवडावा?

कळसूबाईच्या शिखरावरून सूर्योदय पाहायचा, तर पायथ्याचे बारी गाव पहाटे तीनच्या सुमारास सोडावे लागते. वाटेत लोखंडी शिड्या आहेत. त्या चढताना दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे मोबाइलचा उजेड किंवा हातातली टॉर्च तिथे फारशी उपयोगाची नाही. कपाळावर बांधायचा हेडलॅम्पच हवा. तो विकत घेताना बहुतेक जण ल्युमेनचा आकडा पाहतात आणि आत कोणता सेल बसतो, हा प्रश्न दुकानदारावर सोपवून मोकळे होतात. शिडीच्या मध्यावर दिवा हळूहळू मंदावेल की एकाएकी विझेल, हे मात्र बऱ्याच अंशी सेलच्या प्रकारावर अवलंबून असते.

लहान आकाराच्या हेडलॅम्पमध्ये बहुधा तीन ट्रिपल-ए सेल असतात. त्याला कारण आहे. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट दाब लागतो. दीड व्होल्टचे तीन सेल एकापुढे एक जोडले की साडेचार व्होल्ट मिळतात आणि सेल उतरू लागले तरी गरजेपुरता दाब बराच काळ टिकून राहतो. फ्रान्सच्या पेट्झल कंपनीने २००० साली बाजारात आणलेल्या ‘टिक्का’ या छोट्या एलईडी हेडलॅम्पमध्येही हीच रचना होती.

या मापाचे सेल कुठेही मिळतात, ही त्यांची जमेची बाजू. परंतु ‘सेल मिळाला’ एवढ्याने भागत नाही. गडाखालच्या गावातील दुकानात जो स्वस्त सेल हाती पडतो, तो बहुधा झिंक-कार्बन प्रकारचा असतो. भिंतीवरचे घड्याळ किंवा टीव्हीचा रिमोट अत्यल्प विद्युतप्रवाह घेतो. तिथे हा सेल महिनोन्‌महिने चालतो. हेडलॅम्पची भूक त्याहून कितीतरी मोठी. प्रखर झोतावर लावताच झिंक-कार्बन सेलचा दाब झपाट्याने खाली येतो. अगदीच नाइलाज झाला तर तो वापरावा आणि दिवा मंद झोतावर ठेवावा.

त्यापेक्षा अल्कलाइन सेल पुष्कळ चांगला. ट्रिपल-ए आकारात त्याची क्षमता सुमारे १००० ते १२०० मिलीअँपियर-तास असते, मात्र हा आकडा कमी प्रवाहावरचा आहे. प्रखर झोतावर त्यातला बराच भाग हाती लागत नाही. अल्कलाइनचा स्वभाव उतरत्या वाटेसारखा असतो. पहिल्या तासापासूनच दाब घसरू लागतो आणि साध्या रचनेच्या दिव्यात प्रकाशही त्याबरोबर कमी होत जातो. याचा एक फायदा असा, की सेल संपत आल्याची सूचना वेळेवर मिळते. तोटा असा, की खोक्यावर लिहिलेला ‘चालण्याचा काळ’ फसवा ठरतो. अमेरिकेत २००९ साली तयार झालेल्या एएनएसआय एफएल-१ या मानकानुसार, प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा काळ त्यात मोजला जातो. म्हणजे २०० ल्युमेनचा दिवा २० ल्युमेनवर मिणमिणत असला, तरी कागदोपत्री तो ‘चालूच’ असतो. तंबूत पिशवी शोधायला तेवढा उजेड पुरे, कड्याच्या कडेने वाट शोधायला नव्हे.

अल्कलाइनचा दुसरा दोष घरी परतल्यावर दिसतो. सेल दिव्यात तसाच राहिला, की काही महिन्यांनी त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपते आणि स्प्रिंगवर पांढरी भुकटी साचते. चांगले हेडलॅम्प झोताविना नव्हे, तर या गळतीने निकामी होतात, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

वारंवार डोंगरात जाणाऱ्यांनी पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्यावेत. त्यांवर १.२ व्होल्ट असे लिहिलेले असल्याने ते दुबळे असावेत, असा समज आहे. प्रत्यक्षात हा दाब सेल संपत येईपर्यंत जवळपास स्थिर राहतो, तर दीड व्होल्टचा अल्कलाइन सेल काम करताना लवकरच त्याच पातळीवर उतरतो. पूर्वी हे सेल नुसते ठेवले तरी आपोआप उतरत, आणि ऐन वेळी रिकामे निघत. सॅन्योने २००५ मध्ये ‘एनलूप’ आणले, तेव्हापासून वर्षभर पडून राहिले तरी बहुतांश भार टिकवणारे सेल मिळू लागले. ट्रिपल-एची क्षमता साधारण ७५० ते ९०० मिलीअँपियर-तास असते आणि ते शेकडो वेळा चार्ज करता येतात. चार्जर मात्र प्रत्येक सेल स्वतंत्रपणे चार्ज करणारा हवा. तिन्ही सेल एकाच वेळी विकत घेतलेले असावेत. जुना-नवा असा मेळ घातला, की सर्वांत दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि उरलेले दोन त्याला उलट्या दिशेने ढकलून निकामी करतात.

नव्या हेडलॅम्पमध्ये लिथियम-आयन बॅटरीचे प्रमाण मोठे आहे. आकड्यांवरून कारण स्पष्ट होते. तीन अल्कलाइन ट्रिपल-ए सेलचे वजन सुमारे ३५ ग्रॅम आणि त्यांतून मिळणारी ऊर्जा फार तर चार वॉट-तास. १८ मिलिमीटर जाडीचा, ६५ मिलिमीटर लांबीचा ‘१८६५०’ हा लिथियम-आयन सेल सुमारे ४७ ग्रॅमचा, पण त्यात दहा वॉट-तासांहून अधिक ऊर्जा मावते. प्रकाशही अखेरपर्यंत एकसारखा राहतो. धोका नेमका इथेच. अखेर आली की बॅटरीच्या संरक्षणासाठी बसवलेले सर्किट प्रवाह तोडते आणि पुरेशी पूर्वसूचना न मिळता अंधार होऊ शकतो. बॅटरी आतच बंदिस्त असेल, तर खिशातला जादा सेलही कामाला येत नाही. गडावरच्या गुहेत मुक्काम असेल, तर पॉवर बँक जवळ हवी. शिवाय काही वर्षांनी ही बॅटरी म्हातारी होते, आणि ती बदलता येत नसेल तर धडधाकट दिवाही टाकून द्यावा लागतो. म्हणून बंदिस्त बॅटरीपेक्षा, स्वतःची चार्ज होणारी बॅटरी आणि तीन ट्रिपल-ए सेल या दोहोंवर चालणारा दिवा सह्याद्रीतील भटकंतीसाठी अधिक भरवशाचा.

सुटे १८६५० सेल घेताना ९९०० मिलीअँपियर-तास असे छापलेले दिसले, तर ते नकली समजावेत. नामांकित उत्पादकांचे सेल साधारण २५०० ते ३६०० च्या दरम्यान असतात. ‘१४५००’ हा लिथियम-आयन सेल तर दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा, पण ३.७ व्होल्टचा. दीड व्होल्टच्या सेलसाठी बनवलेल्या दिव्यात तो घातल्यास दिवा जळू शकतो.

हिमालयाचे गणित निराळे. उत्तराखंडमधील केदारकंठासारख्या हिवाळी वाटेवर पारा शून्याखाली जातो आणि तिथे अल्कलाइन सेल पाहता पाहता मलूल होतो. अशा ठिकाणी एकदाच वापरायचे दीड व्होल्टचे लिथियम सेल उत्तम. ते उणे ४० अंशांपर्यंत काम देतात, ट्रिपल-ए सेलचे वजन आठ ग्रॅमच्याही आत असते. किंमत जास्त पडते. नवा असताना त्यांचा दाब दीड व्होल्टहून थोडा अधिक असतो, म्हणून काही दिव्यांत ते वापरण्यास उत्पादकांची मनाई असते. सूचनापत्रक आधी वाचावे. चार्ज होणारी बॅटरी असल्यास ती रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी ठेवावी आणि शून्य अंशाखाली चार्ज करू नये, त्याने तिची कायमची हानी होते.

विमानाने जाणाऱ्यांनी लिथियमचे सुटे सेल चेक-इन सामानात ठेवू नयेत. ते टोकांवर चिकटपट्टी लावून हातातल्या सामानातच न्यावे लागतात.