लाहोरचे एकाकी प्राध्यापक

प्रा. अब्दुस सलाम (१९२६-१९९६) यांना १९७९ साली ग्लॅशो व वाइनबर्ग यांच्यासह भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. विद्युतचुंबकीय बल व दुर्बल अणुकेंद्रीय बल मुळात एकच, असा त्यांचा सिद्धांत. झंगचे सलाम केंब्रिजहून १९५१ साली लाहोरला शिकवावयास परतले. परंतु संशोधनावर बोलावयास तेथे कोणी नव्हते. १९५४ साली ते पुन्हा केंब्रिजला गेले. ही सल राहिलीच. इतरांवर अशी पाळी येऊ नये म्हणून १९६४ साली त्यांनी इटलीत त्रिएस्त येथे केंद्र उभारले. गरीब देशांतील संशोधकांनी तेथे काही आठवडे राहावे व मायदेशी परतावे, ही योजना. आमच्या मते हे काम नोबेलहून मोठे! नोबेलचे पदक घेऊन १९८१ साली ते कलकत्त्यास गेले, लाहोरमधील आपले गणिताचे वृद्ध गुरुजी अनिलेंद्र गांगुली यांना भेटावयास.