वाचाघातावरील बाह्य मस्तिष्कोद्दीपन

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून अथवा रक्तस्राव होऊन भाषाकेंद्रांस इजा पोहोचली असता जी वाणी लोपते, ती परत मिळविण्यास, कवटी न उघडता, चुंबकीय स्पंदांनी वा क्षीण विद्युत्प्रवाहाने मेंदूस बाहेरून चेतवून साहाय्य करणारी उपचारपद्धती. नांदेड-लातूरकडे अर्धांगवायूविषयी ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात आणि ‘वाचा बसली’ ही तक्रार त्याच दमात सांगतात. परंतु जीभ लुळी पडणे व शब्दच न सापडणे ही दोन दुखणी भिन्न असून वाचाघात म्हणजे दुसरे. पक्षाघाताच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांत ते आढळते.

भाषेचे ठाणे बहुतांश माणसांत डाव्या गोलार्धात असते, हे फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६१ ते १८६५ या काळात प्रतिपादिले. त्यांच्या पहिल्या प्रसिद्ध रुग्णास ‘तां’ या एका अक्षरावाचून जवळजवळ काहीच उच्चारता येत नसे. डावा गोलार्ध दुबळा झाला की उजवा शिरजोर होऊन डाव्याच्या उरल्यासुरल्या पेशींस दाबून ठेवतो, अशी या उपचारामागील मुख्य उपपत्ती आहे. ती सरसकट लागू पडत नाही. डावीकडील हानी मोठी असल्यास उजवाच कारभार सांभाळतो, आणि मग त्यालाच दाबणे अनिष्ट ठरू शकते.

साधने दोन. १९८५ मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या चुंबकीय यंत्राचे वेटोळे डोक्याशी धरले असता टक्‌टक् असा आवाज होतो व आत विद्युत्प्रवाह प्रवर्तित होतो. सेकंदास एक या मंद गतीने दिलेले स्पंद सामान्यतः त्या भागाची उत्तेजनक्षमता कमी करतात, म्हणून ते उजव्या ललाटखंडावर देतात. दुसऱ्या साधनात मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या स्पंजांतून एक-दोन मिलिअँपिअरचा प्रवाह वीसेक मिनिटे वाहतो. त्याची आधुनिक मांडणी गॉटिंगेन येथे निट्शे व पाउलुस यांनी २००० मध्ये केली. पेसमेकर, डोक्यातील धातू व अपस्माराचा पूर्वेतिहास यांची चौकशी आधी करावी लागते.

यंत्र स्वतः शब्द शिकवीत नाही, हे येथे निक्षून सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायनात झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७४ रुग्णांस १५ बैठका मिळाल्या, त्या प्रवाह व शब्दांचा सराव एकत्र योजूनच. तेव्हा सराव कोणत्या शब्दांचा, हा प्रश्न उरतो, आणि मराठवाड्यात तो विशेष अडचणीचा आहे. विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था यांच्या परिसरात एका माणसाचा संसार दोन-तीन भाषांत चालतो : देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कानडी, बाजारात दखनी, घरात मराठी, शिवाय १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात दप्तराची भाषा उर्दू. अशा बहुभाषिकाची कोणती भाषा आधी परतते? फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांच्या मते प्रथम शिकलेली, तर फ्रेंच वैद्य आल्बेर पित्र यांच्या १८९५ च्या मताप्रमाणे नित्य वापरातली. प्रत्यक्षात रुग्ण कित्येकदा दोघांनाही खोटे पाडतात. सरावाच्या चित्रांत कडबा, विळा, तांब्या असावेत. परदेशी चित्रसंचातला बर्फाचा बाहुला कशास हवा?

आणखी एक गैरसमज घरोघर होतो. ज्यास समोरचा तांब्या ‘तांब्या’ म्हणता येत नाही, तो कित्येकदा वारांची नावे, पाढे वा आरती अडखळल्यावाचून म्हणतो. ही अंगवळणी पडलेली वाणी असून तिच्यावरून रुग्ण ढोंग करतो असे ठरविणे अन्यायाचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात वाचाघातजन्य कायम वाक्-भाषा अक्षमतेचा उल्लेख आहे, त्यामुळे दाखल्याचा अर्ज करता येतो. मात्र तो लिहून देण्यास व जबानी सांगण्यास बहुधा दुसराच माणूस लागतो.

विद्युत्प्रवाहाच्या चाचण्यांचे २०१९ मधील कोक्रेन पुनरावलोकन नामे आठवण्यात सुधारणेचा मर्यादित पुरावा नोंदविते, क्रियापदांत मात्र नाही. मराठीत लिंग, वचन, पुरुष यांचा भार वाहणारे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. रुग्ण ताटाकडे पाहून ‘भाकर’ म्हणतो, घरची मंडळी हरखतात, मग बायको विचारते, “पायजे का नगं?”, आणि तो पुन्हा ‘भाकर’ म्हणतो.