संत डोंगरावरून खाली का आले?



शंभर वर्षांच्या या अंकात मी काय लिहावं? माझं शिक्षण चौथीपर्यंत. नांगर धरायचा आणि एकादशीला वीणा गळ्यात घालायची, एवढंच आयुष्यभर केलं. पण कीर्तन झालं की लोक पाया पडायला येतात, त्यात एखादा हळूच विचारतो, "महाराज, सगळं सोडून डोंगरात निघून जावंसं वाटतं. कर्ज नको, भावकी नको, एकट्यानं देवाचं नाव घ्यावं आणि मोकळं व्हावं." हल्ली असं विचारणारी तरणी पोरं जास्त आहेत. त्यांच्यासाठी आपल्या संतांचा इतिहास मला जसा कळला तसा मांडतो.

आता बघा, पहिलं उदाहरण ज्ञानोबा माउलींच्या वडिलांचं. विठ्ठलपंत पैठणजवळच्या आपेगावचे. आळंदीच्या सिधोपंतांची मुलगी रुक्मिणी त्यांना दिलेली. पण मन संसारात लागेना. घर सोडून काशीला गेले आणि संन्यास घेतला. इकडे रुक्मिणीबाई आळंदीत पिंपळाला प्रदक्षिणा घालीत राहिल्या. पुढं गुरूंना खरी गोष्ट कळली आणि त्यांनी विठ्ठलपंतांना माघारी संसारात पाठवलं. गुरूनंच सांगितलं की मागं कुणाला रडत ठेवून मोकळं होता येत नाही.

पण गावानं काय केलं? संन्याशाचा संसार म्हणून सगळ्यांना वाळीत टाकलं. शेवटी आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं आणि चार लेकरं उघड्यावर पडली. मंडळी, समाजाकडं पाठ फिरवायचा हक्क कुणाला असेल तर तो या चार लेकरांना होता. आणि रान काही त्यांना नवीन नव्हतं. ब्रह्मगिरीच्या जंगलात वाघाच्या भीतीनं निवृत्तिनाथ चुकले आणि गुहेत त्यांना गहिनीनाथ भेटले, असं आपली परंपरा सांगते. पण ते गुहेत बसून राहिले नाहीत. जे मिळालं ते खाली आणलं आणि धाकट्या भावाला दिलं.

एकदा लोकांच्या बोलण्यानं ज्ञानोबांचंही मन दुखावलं आणि ते झोपडीची ताटी लावून आत बसले. रान काही डोंगरातच असतं असं नाही, घरात दार लावून बसलं तरी रानच. तेव्हा दाराशी उभी राहिली ती धाकटी बहीण मुक्ताई. तिनं समजूत घातली तेच ताटीचे अभंग. ताटी उघडली. त्याच ज्ञानोबांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 ला, नेवाशात गीता आपल्या भाषेत सांगितली. ज्या लोकांनी वाळीत टाकलं त्यांच्यासाठीच सांगितली, आणि शेवटी देवाकडं मागणं मागितलं तेही सगळ्यांसाठी.

दुसरं उदाहरण तुकोबांचं. 1630 च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. पंधरा दिवसांनी धाकटा भाऊ कान्होबा शोधत आला. मग तुकोबांनी काय केलं? घरची सावकारी होती, लोकांची कर्जखतं होती. कान्होबाला त्याचा निम्मा हिस्सा दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. डोंगरावरून आलेल्या माणसानं आधी कर्जदार मोकळे केले! माझ्या मते तुकोबांची खरी मोकळीक ती. नंतर मोडकळीला आलेलं विठोबाचं देऊळ सारखं केलं आणि कीर्तनाला उभे राहिले.

पुढंही तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जात. एकांत त्यांना प्रिय होता, ते मी नाकारत नाही. पण भाकरी कोण नेत होतं? जिजाई. उन्हात, काट्याकुट्यातून, घरची पोरं सांभाळून. एकट्यानं रानात बसलेल्या माणसामागंही भाकरी थापणारे हात असतात. कीर्तनात आपण जिजाईच्या तोंडाळपणावर हशा घेतो, तिची पायपीट मात्र सांगत नाही.

तिसरं उदाहरण हैबतबाबांचं, आणि ते थेट आपल्या दिंडीपर्यंत येतं. सातारकडचे आरफळचे हे सरदार, शिंद्यांच्या पदरी होते. गावी परतताना लुटारूंनी त्यांना पकडून गुहेत कोंडलं आणि एकवीस दिवस हरिपाठ करीत राहिल्यावर सुटका झाली, असं सांगतात. मरणातून वाचलेला माणूस! ते वतनावर गेले नाहीत, तपाला रानातही गेले नाहीत. आळंदीला माउलींच्या पायाशी राहिले. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 ला पालखी सुरू केली होती. हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिले. दिंड्यांना क्रम आणि शिस्त लावली ती बाबांनी. एकट्यानं गुहा सोसलेल्या माणसानं कुणी एकटं चालू नये अशी व्यवस्था करून ठेवली.

तीच व्यवस्था आपण शंभर वर्षं चालवतो. पुढं पताका, मग टाळकरी, मध्ये मृदंग, मागं वीणेकरी, त्यामागं तुळस घेतलेल्या माउल्या. घरदार तर आपणही सोडतोच की, पण वीस-बावीस दिवसांसाठी आणि शेकडो जणांबरोबर. मुक्कामाला समाज-आरती होते तेव्हा चोपदारानं चोप उंच केला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार आहे तिनं मात्र टाळ वाजवत राहायचं. चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात.

तर माझ्या पोरांनो, डोंगरावर जावंसं वाटलं तर चार दिवस जरूर जा. भंडारा आहे, भामचंद्र आहे, ब्रह्मगिरी आहे. पण जाताना घरी सांगून जा, आणि खाली या. त्याहून वाईट काही मनात आलं तर दिंडीत या आणि आपला टाळ वाजवत राहा, थांबवू नका. ऐकणारा येईपर्यंत वाजवा. आणि जुन्या वारकऱ्यांनो, दुसऱ्या शतकात आपलं काम एवढंच, कुणाचा टाळ एकटा वाजतोय तिकडं कान ठेवायचा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!