लाकडी होड्यांचे लेपन व रक्षण (मालवण किनारा)

लाकडी होडीच्या फळ्या, त्यांमधील सांधे आणि वरची तक्तपोशी (डेक) यांत पाणी मुरू नये, तसेच लाकूड कुजू अगर पोखरले जाऊ नये, म्हणून करण्यात येणारी सांधेभरणी, तेललेपन व पावसाळ्यातील साठवण यांचा समावेश या विषयात होतो. विजयदुर्गपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्यावर (१९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्हा) मासेमारी व किनारी वाहतूक दीर्घकाळ लाकडी नौकांवरच अवलंबून होती. त्यामुळे होडीचे आयुष्य हे नाविक कुटुंबाच्या भांडवलाचेच आयुष्य असे.

होडीच्या तळाचे व डेकचे शत्रू वेगवेगळे आहेत. तळ पोखरतो तो तेरेडो. यास जहाजकृमी म्हणत असले, तरी तो कृमी नसून शिंपल्यांच्या वर्गातील मृदुकाय प्राणी आहे. डेकचा नाश मुख्यतः पावसाच्या गोड्या पाण्याने होतो. लाकडातील ओलावा सु. २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की, कुजविणाऱ्या कवकांची वाढ होऊ लागते. खारे पाणी या वाढीस बाधक ठरते. म्हणूनच डेकवर समुद्राचे पाणी मारणे हितकारक असते. त्याने फळ्या फुगून सांधेही घट्ट राहतात. एप्रिल-मेच्या उन्हात फळ्या आकसून सांधे उघडतात आणि पहिल्याच पावसाचे पाणी त्यांत शिरते. डेकची खरी कसोटी ती तेव्हा.

सांध्यांत तेलात भिजविलेला कापूस ठोकून भरणे व त्यावर राळ आणि तेल यांचे उकळलेले मिश्रण ओतणे, ही पश्चिम किनाऱ्यावरील सर्वपरिचित रीत होय. या कामास हिंदी व बंगालीत ‘कलापात्ती’ हा शब्द असून तो पोर्तुगीज ‘कालाफाते’ यावरून आला आहे. तंत्र मात्र पोर्तुगिजांहून पुष्कळ जुने आहे. मार्को पोलोने तेराव्या शतकात होर्मुझ येथील काथ्याने शिवलेल्या व डांबराऐवजी माशाचे तेल चोळलेल्या जहाजांचे वर्णन केले आहे. त्याला ती जहाजे बेताचीच वाटली. मालवणकडील रापणीच्या होड्याही परंपरेने सुंभाने शिवलेल्या असत. पोलोचा शेरा येथे लावणे उचित नाही. लोखंडी खिळा खाऱ्या हवेत गंजतो व भोवतालचे लाकूडही नासवितो. शिवण उसवून मात्र कुजलेली फळी तेवढी बदलता येते.

लेपनासाठी मोरीच्या (मुशीच्या) यकृताचे तेल, उंडीच्या (लॅ. कॅलोफायलम इनोफायलम) बियांचे कडू तेल आणि काजूच्या टरफलांचे तेल वापरीत. काजू पोर्तुगिजांनी आणलेला असल्याने यांतील शेवटचे तुलनेने अलीकडचे. टरफलाचे तेल दाहक असून त्याने हातांची कातडी सोलवटते. लाकडावर मात्र त्याचा चिवट थर बसतो. तळास चुना व चरबी यांचा लेप देत. ब्रिटिश नौदलाने तळास तांब्याचा पत्रा ठोकण्याचा प्रयोग १७६१ मध्ये केला. गरीब मच्छीमारांना तो परवडणारा नव्हता.

लेपाइतकेच महत्त्व निवाऱ्याला होते. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून त्यांवर झावळ्यांचे छप्पर घालीत व नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हा पाण्यात लोटीत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सु. १७१५) समुद्र बंद होण्यापूर्वी आरमार छावणीस नेण्याविषयी सूचना आहेत. आंबा व फणस यांची लाकडे आरमारास उपयोगी असली, तरी रयतेची ती झाडे तोडू नयेत, असेही त्यात बजावले आहे. लाकूड सहज मिळण्यासारखे नव्हते, ते जपणे भाग होते, हे यावरून दिसते.

तेल-राळेने माखलेल्या लाकडाला आगीचे भय फार. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या माऱ्याने विजयदुर्गाखाली एका जहाजाने पेट घेतला आणि ती आग पसरून तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. पाण्यापासून वाचविणारा लेपच अशा वेळी इंधन होत असे.

स्वातंत्र्योत्तर काळात यांत्रिक नौका आल्या, तेलाऐवजी तयार रंग आले. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने (स्थापना १९५७) नौकांच्या लाकडावर रासायनिक संस्कार करणे व तळास धातूचे किंवा काचतंतूचे आवरण देणे यांबाबत संशोधन केले. पुढे संपूर्ण काचतंतूच्या होड्याही रूढ झाल्या. जुन्या होडीला असे आवरण देताना लाकूड आधी पूर्ण वाळवावे लागते. ओल्या फळीवर रंगाचा वा काचतंतूचा जाड थर दिल्यास आतील ओलावा कोंडला जातो. वरून डेक गुळगुळीत दिसते, पण पाय पडताच फळी खचते. तेलाचा थर दरवर्षी द्यावा लागे, हा त्याचा दोष मानला गेला. परंतु त्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी प्रत्येक फळीवरून हात फिरत असे.