हिंदू कोड बिल हरलं नाही, त्याला तारीख मिळाली नाही

हिंदू कोड बिलाचं काय झालं? सनातन्यांनी विरोध केला, बिल बारगळलं, बाबासाहेबांनी राजीनामा दिला, असं आपण सांगतो. विरोध होताच. पण सभागृहाने हे बिल मतदानाने फेटाळलं नव्हतं. ते अडकलं वेळापत्रकात.

राजीनाम्याच्या निवेदनात बाबासाहेबांनी तारखांचा अख्खा लॉगच दिलाय. ११ एप्रिल १९४७ला बिल मांडलं गेलं. ९ एप्रिल १९४८ला प्रवर समितीकडे गेलं, ऑगस्टमध्ये अहवाल आला. मग चर्चा. १९४९च्या फेब्रुवारीत ४ दिवस, मार्चमध्ये १, एप्रिलमध्ये २, डिसेंबरमध्ये १. १९५०मध्ये शून्य. १९५१च्या फेब्रुवारीत ३. बेरीज ११ दिवस. मुलीला वारसा आणि बाईला घटस्फोटाचा हक्क देऊ पाहणाऱ्या कायद्यासाठी!

सरकारी विधेयक कधी घ्यायचं, हे सरकारच ठरवतं. कायदामंत्री मसुदा लिहू शकतो, पण दिवस मिळतो मंत्रिमंडळ आणि व्हिपच्या मर्जीने. पंतप्रधानांशी एकनिष्ठ नसलेला चीफ व्हिप आणि तरीही त्याला सांभाळून घेणारे पंतप्रधान, अशी बाबासाहेबांची तक्रार होती.

१० ऑगस्ट १९५१ला त्यांनी नेहरूंना पत्र लिहिलं. तब्येत ठीक नाही, बिल १६ ऑगस्टला घ्या आणि १ सप्टेंबरपर्यंत संपवा. नेहरूंनी सप्टेंबरच्या सुरुवातीचं आश्वासन दिलं. प्रत्यक्षात बिल आलं १७ सप्टेंबरला, तेही फक्त विवाह आणि घटस्फोटाच्या भागापुरतं. चार कलमांपर्यंत पोचून ते गुंडाळलं गेलं. पहिली सार्वत्रिक निवडणूक महिनाभरावर होती. २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी राजीनामा दिला.

पुढे १९५५-५६मध्ये याच विषयांवर चार वेगळे कायदे झाले. म्हणजे बहुमत अशक्य नव्हतं. पण मधल्या वर्षांत ज्यांचे वडील वारले, त्या मुलींचा वाटा कुणी मागे जाऊन दिला नाही.

ही पद्धत जुनी झालेली नाही. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे पडून असलेली विधेयकं बाद होतात. महिला आरक्षण विधेयक पहिल्यांदा १९९६मध्ये आलं. २०१०मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, पण लोकसभेत त्यावर मतदानच झालं नाही आणि २०१४मध्ये ते बाद झालं. मंजुरी मिळाली २०२३मध्ये.

अधिवेशन चालू असताना सरकार पुढच्या आठवड्याचं कामकाज सभागृहात जाहीर करतं. ती यादी वाचताना तिच्यात काय नाही, हेही बघा.