मोटारींतील कांटे आणि त्यांचें खरेंखोटें

आजचा विषय कोणास क्षुल्लक वाटेल. मोटार हांकणाराच्या पुढ्यांत जी फळी असते, तिच्यावरील चार-पांच तबकड्या व त्यांत हलणारे कांटे, एवढाच तो आहे. परंतु भोरहून महाडकडे जाणारी सडक वरंध्याच्या घाटानें कोकणांत उतरते. आणि आमच्या उत्रोलीसारख्या भोरच्या आसपासच्या गांवांतील ज्यांनीं जुन्या जीपमधून, माणसें व ओझें भरून, तो घाट खालून वर चढला आहे, त्यांना कांट्याची किंमत सांगणें नलगे.

या कांट्यांचें कुळ मोटारीहून जुनें आहे. फ्रान्समधील यंत्रकार युजीन बूर्दाँ यांनीं १८४९ सालीं वांकविलेल्या चपट्या नळीचें दाबमापक सिद्ध केलें. नळींत दाब वाढला कीं ती किंचित् उलगडूं पाहते आणि तेवढ्या हालचालीनें कांटा फिरतो. वाफेच्या यंत्रांसाठीं निघालेली ही युक्ति पुढें मोटारीच्या तेलमापकांत आली. वेगमापकाचें श्रेय जर्मनीच्या ऑटो शुल्त्से यांचें. त्यांचें पेटंट १९०२ चें. फिरणारें चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला स्पर्श न करतां ओढतें आणि बारीक कमान तिला मागें खेंचते. या ओढाताणींत कांटा जेथें थांबेल तो वेग! इतकें साधें व इतकें सुंदर यंत्र मला तरी दुसरें ठाऊक नाहीं. पाण्याच्या उष्णतेसाठीं प्रथम फळीवर कांहींच नसे. रेडिएटरच्या झांकणावरच बॉइस मोटोमीटर नांवाचें थर्मामीटर बसवीत आणि चालक समोरच्या कांचेंतून त्याकडे पाही. पेट्रोल किती उरलें हें पाहण्यास टाकींत लांकडी पट्टी बुडवीत. ती पट्टी मात्र कधीं खोटें बोलली नाहीं.

आपल्या प्रांतांत शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ त प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें फियाट व पद्मिनी निघाल्या. मुंबईंतच महिंद्र कंपनीनें १९४७ पासून विलिस जीपची जुळणी आरंभिली. आमच्या डोंगरी मुलखाला जीपच अधिक मानवली. महायुद्धांतील मूळ जीपच्या फळीवर पांच तबकड्या होत्या: वेग, पेट्रोल, तेलाचा दाब, पाण्याची उष्णता आणि विजेचा प्रवाह.

आतां दोषांकडे वळूं. कांटा चुकला कीं लोक तबकडीच बदलावयास धांवतात. नवी तबकडी बसते, पैसे जातात आणि कांटा पुनः तसाच! वास्तविक तबकडी ही केवळ निरोप्या आहे. पेट्रोलच्या टाकींत तरंगता फ्लोट असतो, तो वरखालीं होतांना तारेच्या वेटोळ्यावरील स्पर्श सरकवितो व विजेस होणारा रोध बदलतो. टाकी गंजली, किंवा रंगाच्या थरामुळें तिचा चेसिसशीं विजेचा संबंध तुटला, तर निरोपच चुकतो. म्हणून प्रथम टाकीपासून चेसिसपर्यंत एक जादा तार जोडून पाहावी. दहा मिनिटांचें काम आहे. त्यानेंहि न भागल्यास फ्लोटकडील तार सोडावी व क्षणभर चेसिसला टेकवावी. मात्र पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी नको म्हणून हें टाकीपासून दूर, तारेच्या मधल्या जोडापाशीं करावें. तार सोडतां कांटा एका टोकास व टेकवितां दुसऱ्या टोकास गेला, तर तबकडी व तार निर्दोष समजावीं; दोष फ्लोटकडे.

पेट्रोल व उष्णता हे दोन्ही कांटे विजेवर चालत असतील आणि दोन्ही एकदमच चढूं लागले, तर दोन वेगळे रोग समजूं नयेत. अशा अनेक गाड्यांत फळीमागें एक लहान डबी असते. दोन धातूंची पट्टी तापून वांकते, संपर्क तोडते, निवून पुनः जोडते. आणि बॅटरीचा चढउतार कांट्यांपर्यंत येऊं देत नाहीं. ब्रिटिश गाड्यांत ती सुमारें १० व्होल्ट देते, अमेरिकन गाड्यांत ५. हिचें अर्थिंग सुटलें कीं पट्टी तापत नाहीं, संपर्क तुटत नाहीं, आणि कांट्यांना बॅटरीचा सारा जोर मिळतो. स्क्रू घासून आवळला कीं बहुधा काम होतें.

मूळ जीपचा उष्णतेचा कांटा विजेवर नसून ईथर भरलेल्या बारीक नळीवर चालतो. नळी चिरली कीं ईथर उडतें आणि कांटा थंडच दाखवीत राहतो. याहून घातक प्रकार असा: पाणी सारें गळून गेलें तर नळीचा कंद कोरडा पडतो, आणि इंजिन जळत असतां कांटा खालीं उतरतो. चढणीवर तापलेला कांटा एकाएकीं उतरला तर हायसें न वाटतां गाडी थांबवावी. झांकण मात्र निवल्याशिवाय उघडूं नये. तेलाचा कांटा शून्यावर आला तरी हाच नियम. मीटर बिघडलें असेल अशा समजुतीवर चार मैल गेलेल्या इंजिनाचे बेअरिंग मागाहून कोणी परत देत नाहीं.

विजेच्या मापकांतून गाडीचा बहुतेक सर्व प्रवाह जातो. त्याच्या मागील नट सैल असला तर तो तापतो, तार जळते, क्वचित् गाडीहि. फळीमागें हात घालण्यापूर्वीं बॅटरी सोडावी, हें मी वारंवार सांगत असतों व वारंवार कोणी ऐकत नाहीं.

मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ त निघून गेली. जुने भाग आतां भंगारांतच शोधावे लागतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील गाडी मूळ स्वरूपांत असेल तरच व्हिंटेज म्हणून नोंदतां येते. तेव्हां ज्यांच्या अंगणांत अशी जीप उभी आहे, त्यांनीं जुनी तबकडी फेकून चिनी आंकड्यांची पेटी बसविण्यापूर्वीं टाकीचें अर्थिंग तपासावें. वेगमापकाचा कांटा थरथरत असेल तर त्याची केबल काढून साफ करावी व थोडें ग्रीस द्यावें. आणि ती तबकडी मैलांची असेल तर तिच्यावरील ३० म्हणजे ताशीं सुमारें ४८ किलोमीटर, हें घाट उतरतांना ध्यानांत असूं द्यावें.